नऊ जणांच्या कार्यालयासाठी नॅस घ्यावे का? आणि त्याने बॅकअपचा प्रश्न सुटतो का?

नकाशाघर (सांगली)

नमस्कार. आमचे वास्तुरचना आणि स्ट्रक्चरल डिझाइनचे कार्यालय असून आम्ही एकूण नऊ जण काम करतो. प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पांचे स्वतंत्र फोल्डर आहेत आणि एकमेकांना फाइल द्यायची झाली की पेन ड्राइव्ह, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप यांपैकी जे हाताशी असेल ते वापरले जाते. परिणामी एकाच इमारतीच्या नकाशाच्या ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल साहेबांनी पाहिलेला’ अशा चार प्रती चार संगणकांवर असतात. गेल्या महिन्यात साइटवर जिन्याचा जुना नकाशा गेला. सेंट्रिंगवाल्याने फळ्या ठोकल्यावर ही गोष्ट लक्षात आली म्हणून नुकसान दोन दिवसांच्या मजुरीवर भागले. काँक्रीट ओतल्यावर लक्षात आली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेलाच बरा.

एका विक्रेत्याने आम्हाला चार डिस्कांच्या नॅसचे (नेटवर्कवरून सर्वांना फाइली पुरवणाऱ्या साठवणयंत्राचे) कोटेशन दिले आहे आणि ‘यात बॅकअपही आपोआप होतो’ असे तोंडी सांगितले आहे. आमचा सगळा डेटा मिळून सुमारे अडीच टीबी भरेल. माझ्या शंका अशा आहेत: राउटरच्या यूएसबीला चार टीबीची बाहेरची डिस्क जोडली तर तेच काम होणार नाही का? नकाशांचे ऑटोकॅड आणि हिशेबाचे टॅली नॅसवरून नीट चालतात का? आणि विक्रेत्याचे बॅकअपबद्दलचे म्हणणे कितपत खरे मानावे?

जाळेविणकर (पुणे)

नमस्कार. लहान कार्यालयांची नेटवर्क उभारणे आणि सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने उत्तर थोडे लांबेल.

बाहेरची डिस्क आपण संगणकाला जोडता तेव्हा तिच्यावर कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याचा हिशेब आपला विंडोजच ठेवतो. नॅसमध्ये तो हिशेब नॅसकडे असतो. नॅस हे दिसायला डिस्कांचे खोके असले तरी प्रत्यक्षात तो फाइली सांभाळण्यासाठीच नेमलेला एक छोटा संगणक असतो. त्याला प्रोसेसर, मेमरी आणि बहुधा लिनक्सवर बेतलेली स्वतःची कार्यप्रणाली असते. जुन्या दप्तरखान्यात कोणी थेट फडताळाला हात लावत नसे. चिठ्ठी आत दिली की कारकून मागणाऱ्याचा अधिकार पाही, रुमालाची गाठ सोडून कागद काढून देई आणि तो कोणाकडे गेला हे वहीत टिपून ठेवी. इथेही तसेच घडते. आपला संगणक ‘अमुक फाइल उघडून दे’ अशी विनंती नेटवर्कवरून पाठवतो, नॅस त्या वापरकर्त्याला परवानगी आहे का हे तपासते, स्वतःच्या डिस्कवरून फाइल वाचते आणि तारेवरून पाठवते. विंडोजच्या जगात ही विनंती एसएमबी नावाच्या बोलीत जाते. युनिक्स आणि लिनक्सकडे एनएफएस चालते, जे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये आणले. विक्रेत्यांकडून ‘सॅन’ हा शब्दही आपल्या कानावर येईल. त्यात फाइल न मागता डिस्कचे कोरे ठोकळे मागितले जातात आणि हिशेब पुन्हा मागणाऱ्या सर्व्हरकडेच राहतो. आपल्याला त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आपल्या जिन्याच्या नकाशाचे दुखणे या ‘वहीत टिपण्या’शी निगडित आहे. सामायिक फोल्डरमधला नकाशा एकाने ऑटोकॅडमध्ये उघडला की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण डीडब्ल्यूएल शेपटाची (एक्स्टेन्शनची) एक चिमुकली फाइल तयार होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते. दुसऱ्याने तोच नकाशा उघडला की त्याला अमुक व्यक्ती तो वापरत असल्याची सूचना दिसते आणि नकाशा फक्त वाचण्यापुरता उघडतो. चार जणांनी चार ‘फायनल’ करण्याची मुभाच इथे बरीचशी संपते. एक सावधगिरी मात्र हवी: काम चालू असताना वीज गेली तर ती चिमुकली फाइल मागे राहते आणि कोणीही उघडलेला नसताना नकाशा ‘वापरात’ दिसतो. अशा वेळी संबंधिताला विचारून खात्री करावी आणि मगच ती फाइल काढून टाकावी. घाईने नकाशाची दुसरी प्रत काढून तिच्यावर काम सुरू केले, तर आपण पुन्हा पहिल्याच जागी येऊन उभे राहाल. तसेच नॅसवरच्या फोल्डरला सर्व नऊ संगणकांवर एकच ड्राइव्ह अक्षर द्यावे आणि एका नकाशात दुसरा नकाशा संदर्भ म्हणून जोडताना सापेक्ष मार्ग (चालू नकाशाच्या फोल्डरपासून मोजलेला पत्ता) ठेवावा, नाहीतर एकाच्या पडद्यावर दिसणारे कॉलम दुसऱ्याच्या पडद्यावरून गायब होतील.

राउटरच्या यूएसबीला डिस्क जोडून फाइली दिसतील, हे खरे आहे. पण राउटरचा प्रोसेसर वेगळ्या कामासाठी बेतलेला असतो. नऊ जणांनी एकदम मागणी केली की तो दमतो, आणि हिशेबाचे फोल्डर फक्त दोघांना, नकाशांचे सर्वांना, जुने प्रकल्प केवळ वाचण्यापुरते, अशी माणसागणिक परवानगी त्यात सहसा देता येत नाही. घरी चित्रपट साठवण्यासाठी ही सोय ठीक आहे.

वेगाबद्दल मात्र विक्रेते जे बोलत नाहीत ते सांगतो. गिगाबिट नेटवर्कची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ एमबी असते आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. साधी फिरती डिस्कही मोठी फाइल याहून वेगाने देऊ शकते. म्हणजे अडथळा डिस्कचा नसून तारेचा असतो आणि महागड्या एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कांवर) घातलेले पैसे मोठ्या फाइलींच्या बाबतीत वाया जातात. त्याआधी आपला नेटवर्क स्विच (सर्व संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा) पाहा. तो जुना, १०० मेगाबिटचा असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या वर काही मिळणार नाही, आणि ५०० एमबीची फाइल पाच सेकंदांऐवजी पाऊण मिनिट घेईल. गेल्या वर्षी एका कार्यालयात आठ संगणक सुसाट आणि नववा रखडत चालत होता. दोन तास सॉफ्टवेअर चाळून झाल्यावर टेबल सरकवले, तेव्हा लोखंडी पायाखाली केबल चेपलेली सापडली. गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी तुटली की जोडणी बंद न पडता गुपचूप खालच्या वेगावर येते, आणि दोष बिचाऱ्या नॅसला लागतो.

आता बॅकअपचे. विक्रेता ज्याला बॅकअप म्हणत आहे ते ‘रेड’ आहे, म्हणजे अनेक डिस्का एकत्र बांधून वापरण्याची पद्धत. चार टीबीच्या चार डिस्का रेड ५ पद्धतीने लावल्या तर वापरायला बारा टीबी मिळतात आणि एका डिस्कएवढी जागा पडताळणीच्या माहितीला जाते. कोणतीही एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातला मजकूर गणिताने पुन्हा उभा करता येतो. नवी डिस्क घातल्यावर हे पुनर्लेखन चार टीबीला किमान आठ-दहा तास चालते आणि कार्यालय चालू असेल तर त्याहून लांबते. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली की सगळेच गेले. रेडचे काम एवढेच, की डिस्क मेली तरी मंगळवारी सकाळी कार्यालय बंद पडू नये. चुकून पुसलेली फाइल, व्हायरस, चोरी, आग यांतल्या कशाशीही त्याला देणेघेणे नाही.

जमाखर्च (नाशिक)

जाळेविणकर यांच्या शेवटच्या परिच्छेदाची किंमत मी मोजली आहे, म्हणून लिहितो. आमचे हिशेब आणि करसल्ल्याचे कार्यालय आहे. दोन डिस्कांचे नॅस होते, एकीचे प्रतिबिंब दुसरीवर. एका शिकाऊ उमेदवाराने जागा मोकळी करण्याच्या उत्साहात एका पक्षकाराचे तीन वर्षांचे फोल्डर पुसले आणि दोन्ही डिस्कांवरून ते एकाच क्षणी गेले, कारण प्रतिबिंब म्हणजे तेच. आम्ही निश्चिंतपणे रिसायकल बिन उघडला. तो रिकामा होता. नेटवर्कवरच्या ड्राइव्हमधून पुसलेली फाइल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे त्या दिवशी कळले. नॅसचा स्वतःचा बिन असतो, पण आमच्या यंत्रावर तो प्रत्येक सामायिक फोल्डरसाठी वेगळा सुरू करावा लागत होता आणि कोणी केला नव्हता.

तरी नॅसच्या पाठीमागे यूएसबी डिस्क जोडलेली होती आणि रोज रात्री तिच्यावर प्रत निघते, अशी आमची समजूत होती. ती डिस्क सात महिन्यांपूर्वीच भरली होती. नॅस दररोज न चुकता ‘बॅकअप अयशस्वी’ असे पत्र पाठवत होते, पण ते नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होते. निम्मे कागद पक्षकाराकडून पुन्हा मागवले, निम्मे पोर्टलवरून उतरवले, आणि त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी कोणी चहाच्या वेळी मोकळेपणाने बोलत नव्हते.

टॅलीबद्दल: डेटाचे फोल्डर नॅसवर ठेवून चालते, पण ते वाय-फायवरून कधीही उघडू नये. नकाशाला फक्त उघडताना आणि साठवताना तारेचा उपयोग होतो, हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र बारीकसारीक नोंदी सतत लिहीत असते आणि मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. माझ्या मते आपल्याकडे हिशेब एक-दोघेच पाहत असतील तर टॅली त्यांच्याच संगणकावर राहू द्यावे आणि रोज संध्याकाळची प्रत नॅसवर टाकावी.

आपण प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक गोष्ट. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मधल्या नियमबदलापासून इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची प्रत भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. त्याआधी ‘नियतकालिक’ एवढाच शब्द होता. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने लागतात. भागीदारी संस्थेला कंपनी कायद्याचा भाग लागू नाही, पण सवय चांगली आहे.

छापखाना (कोल्हापूर)

मी थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या मुद्रणालयात गेली नऊ वर्षे विकतचे नॅस नाही. जुन्या संगणकावर लिनक्स आणि सांबा घालून आम्ही काम भागवतो. विंडोजला समजणारी एसएमबी बोली लिनक्सकडून बोलून घेणारे हे मुक्त सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये सुरू केले, आणि विकतच्या अनेक नॅसच्या पोटातही तेच असते. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर हे जमते, कारण मला स्वतःला त्याचा नाद आहे. मी गावाला गेलो आणि यंत्र बसले, तर छपाई थांबते. आपल्या नऊ जणांत असा नाद असलेला कोणी नसेल तर विकतचेच घ्यावे. त्या जादा पैशांत आपण यंत्रापेक्षा माझ्यासारख्या माणसापासूनची सुटका विकत घेत आहात.

दुसरे, आपण सांगलीचे आहात म्हणून मुद्दाम लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या छापखान्यात छातीएवढे पाणी होते. सर्व्हर आदल्या रात्री माळ्यावर चढवला होता, तो वाचला. पण वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि माळ्यावरच्या सर्व्हरपर्यंत कित्येक दिवस कोणी पोहोचू शकले नाही. दुसरी प्रत पुण्याला मेहुण्यांकडे सुरक्षित होती. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली असल्याने तीही हाताला लागेना, आणि एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आम्हाला जुन्या ईमेलमधून शोधून पुन्हा जुळवावा लागला. तेव्हापासून चालू महिन्याच्या कामांची तिसरी प्रत आम्ही क्लाउडवर ठेवतो. सगळा साठा तिथे ठेवणे परवडत नाही, आणि लागतही नाही; पूर आला तरी माणूस चालू कामच मागतो.

नकाशाघर (सांगली)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. जमाखर्च यांचे उत्तर आम्ही कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवले. आमचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, पण २०१९ मध्ये आम्हीही आठवडाभर त्याच्यापर्यंत पोहोचू शकलो नव्हतो. तेव्हा सगळे संगणक कोरडे होते, म्हणून आपण वाचलो असेच मी इतके दिवस समजत होतो.

आता दोन शंका उरल्या आहेत. खंडणी मागणारा व्हायरस एका संगणकात शिरला तर तो नॅसवरही पोहोचेल का? आणि आमच्या बहुतेक फाइलींची नावे मराठीत, देवनागरीत आहेत. त्याने काही अडते का?

जाळेविणकर (पुणे)

पहिल्या शंकेचे उत्तर होय असे आहे. व्हायरस त्या वापरकर्त्याच्याच नावाने वावरतो, त्यामुळे त्या व्यक्तीला ज्या ज्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे ते सगळे तो कुलूपबंद करू शकतो. म्हणूनच संपलेले प्रकल्प सर्वांना फक्त वाचण्यापुरते ठेवावेत, आणि नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असल्याची खात्री करूनच ते विकत घ्यावे. स्नॅपशॉट म्हणजे फाइलींची दुसरी प्रत नसते. फाइल बदलली की नवा मजकूर वेगळ्या जागी लिहिला जातो आणि जुन्या जागेवरचा मजकूर ठरावीक दिवस न पुसता राखला जातो. त्यामुळे स्नॅपशॉट क्षणात घेतला जातो आणि जागाही फक्त बदललेल्या मजकुरापुरती लागते. तो नॅसची कार्यप्रणाली घेते, वापरकर्त्याच्या संगणकावरून त्याला हात लावता येत नाही. नऊ जणांच्या कार्यालयाला कामाच्या वेळेत दर दोन तासांनी एक आणि पंधरा दिवसांचा साठा पुरेसा होतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र रोजच्या कामाच्या संगणकावर साठवून ठेवू नका, आणि घरून फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमधून नॅसचे दार थेट इंटरनेटवर उघडू नका. त्यासाठी व्हीपीएन (ओळख पटल्यावरच कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये नेणारी बंदिस्त वाट) वापरा.

आणखी एक. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तो एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन महिने आधीच दिली होती, लोकांनी ती घातली नव्हती. नव्या नॅसमध्ये ही पहिली आवृत्ती सहसा बंद असते. आपल्याकडे स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने झेरॉक्स मशीन असेल तर ते अचानक चालेनासे होईल आणि मेकॅनिक ‘एसएमबी १ चालू करा’ असे सांगेल. तसे करू नका. त्याला ईमेलवर स्कॅन पाठवायला लावा.

देवनागरी नावे चालतात, पण लांबीचे गणित बदलते. विंडोजमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे. नॅसच्या आतल्या लिनक्सवर ती २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पायमोडका हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, नॅसला तो एकवीस बाइटचा दिसतो. म्हणजे साधारण ८५ चिन्हे झाली की नाव संपले. काही यंत्रांवर फोल्डर कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केले तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हे.

नकाशाघर (सांगली)

कळवण्यासारखे आहे म्हणून लिहितो. काल दुपारी आम्ही सर्वांत लांब नाव शोधले. ते ‘सुधारित बांधकाम परवानगी प्रस्ताव तळमजला व पहिला मजला अंतिम दुरुस्त नकाशा महापालिका सूचनांसह’ असे निघाले. मोजले तर ७९ देवनागरी चिन्हे, १२ मोकळ्या जागा आणि शेवटचे चार बाइटांचे शेपूट मिळून २५३ बाइट झाले. आमच्या ड्राफ्ट्समनने सवयीप्रमाणे पुढे आडवी रेघ आणि मराठी दोनचा आकडा टाकला असता तर ते २५७ झाले असते आणि नॅसने घेतलेच नसते. इंग्रजी दोन टाकला असता तर बरोबर २५५ वर बसले असते.

विक्रेत्याकडून नवे कोटेशन मागवले आहे: चारऐवजी दोन डिस्कांचे, स्नॅपशॉट असलेले नॅस, वीज गेल्यावर त्याला यूएसबीवरून नीट बंद होण्याचा इशारा देणारा यूपीएस, नवा गिगाबिट स्विच, आणि बाहेरच्या दोन डिस्का, ज्यांपैकी एक दर शनिवारी शेजारच्या मिरजेऐवजी लांब साताऱ्याला भावाकडे जाईल. ‘बॅकअप अयशस्वी’चे पत्र माझ्या आणि आमच्या लेखापाल बाईंच्या, अशा दोन्ही पत्त्यांवर येईल. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, की पत्र आलेच नाही तर बॅकअप झाला असे समजायचे, की पत्र पाठवणारेच बंद पडले असे?

जमाखर्च (नाशिक)

बाईंना माझा नमस्कार सांगा. यशस्वी झाल्याचेही पत्र रोज यावे अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती सुरू करा. आणि महिन्यातून एकदा कोणतीही एक जुनी फाइल बाहेरच्या डिस्कवरून प्रत्यक्ष उघडून पाहण्याचे काम त्यांच्याकडेच द्या.